पेणच्या गणपतीच्या शाळेत एक पावसाळी दिवस

पावसाळ्यात सहलीस निघावे की घरी बसून भजी खावीत, हा प्रश्न आपल्याकडील घराघरांतून दरवर्षी उपस्थित होतो आणि बहुधा भज्यांच्या बाजूने सुटतो. गतवर्षी आषाढाच्या अखेरीस आमच्या घरी मात्र याचा निकाल उलट लागला. त्यास कारण आमची दहा वर्षांची कन्या. त्याच्या आदल्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौपाटीवर गेलो असता तिला वाळूत एक हात सापडला होता. हातात मोदक होता आणि मनगटावरील कंकणाचा सोनेरी रंगही उडालेला नव्हता. "बाबा, गणपती गावाला गेले ना? मग त्यांचा हात इथे कसा राहिला?" असे तिने विचारले. मजजवळ उत्तर नव्हते. म्हणून यंदाची मूर्ती जेथे घडते तेथे जाऊनच निवडावी असे ठरले, आणि एका रविवारी पहाटे माझी आई, सौभाग्यवती, दोन मुले व मी असे पाचजण मोटारीने पेणला निघालो.

पनवेल सोडल्यावर पावसाने जो जोर धरला तो दिवसभर ओसरला नाही. खारपाड्याच्या पुलावरून पाहिले तर पाताळगंगा गढूळ पाण्याने दुथडी भरली होती, आणि दोहो बाजूंच्या खाचरांतून लावणीची घाई चालली होती. पुढे हमरापूर, जोहे ही गावे लागतात. शेतीबरोबर गणपती घडविणे हाच तेथील कित्येक कुटुंबांचा व्यवसाय. तेथून पेण जवळच. मुंबईकरांना हे गाव पोह्यांसाठी आणि पापडांसाठी ठाऊक असते, परंतु त्याची खरी कीर्ती भाद्रपदात पसरते. १८९३ पासून लोकमान्यांनी सार्वजनिक उत्सवाला चालना दिली, मूर्तींची मागणी वाढत गेली, आणि पेणच्या कारागिरांचे नाव महाराष्ट्राबाहेर, पुढे समुद्रापलीकडेही गेले. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर उत्सवाच्या कित्येक महिने आधी जहाजावर चढतात.

कोकणात अशा कारखान्यास 'गणपतीची शाळा' म्हणतात. आम्ही ज्या शाळेत शिरलो तेथे पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत होता आणि आत शेकडो गजानन निःशब्द बसले होते. काही अजून रंगहीन, काही पीतांबर नेसलेले, तर काहींचे सारे रंगकाम होऊन केवळ डोळे उरलेले. एखादे चित्रप्रदर्शन पाहावे तशी मुले रांगांमधून हिंडू लागली. डोळ्यांच्या रेखाटनास येथे 'आखणी' म्हणतात. पेणची मूर्ती ओळखली जाते ती या आखणीमुळे. एक कारागीर श्वास रोखून बारीक कुंचल्याने पापणीची रेघ ओढीत होता. रेघ पुरी झाली, आणि इतका वेळ जी केवळ वस्तू होती ती आमच्याकडे पाहू लागली. माझ्या आईने नकळत हात जोडले.

शाळेचे मालक सत्तरीचे गृहस्थ होते. कन्येने आपला प्रश्न त्यांनाही विचारला. ते रागावले नाहीत. त्यांनी दोन बादल्यांत पाणी भरविले, एकीत वाळलेल्या शाडूचा तुकडा टाकला, दुसरीत प्लास्टरचे एक मोडके बोट, आणि म्हणाले, "बाळ, सारी शाळा बघून ये, मग उत्तर बघ." अर्ध्या तासाने आम्ही परतलो तेव्हा शाडूचा तळाशी चिखल झाला होता. प्लास्टरचे बोट जसेच्या तसे होते.

"मग तुम्ही सगळे गणपती शाडूचेच का करत नाही, आजोबा?"

म्हाताऱ्याने बाहेर बोट दाखविले. "ह्या पावसाला विचार."

यानंतर त्यांनी जे सांगितले ते मला नवे होते. शाडू ही फार बारीक कणांची माती. पेणला ती गुजरातेतून येते. साच्यातून काढलेली ओली मूर्ती हवेवर सावकाश वाळावी लागते. घाईने शेक दिला तर तिला तडे जातात. उन्हाळ्यात जे काम थोड्या दिवसांत होते त्याला या दमट हवेत आठवडे लागतात. प्लास्टरला वाळण्याची अशी वाट पाहावी लागत नाही. जिप्सम नावाचा खनिज दगड तापवून ही पूड करतात. तिच्यात पाणी घातले की ती पुन्हा जिप्सम होऊ लागते आणि थोड्याच वेळात घट्ट बसते. मूर्ती वजनाला हलकी, प्रवासात कमी फुटणारी आणि स्वस्त. मात्र ज्या गुणामुळे ती पावसात टिकते त्याच गुणामुळे ती समुद्रातही टिकते.

"लोक श्रावणात येतात, तीन फुटांची मूर्ती मागतात आणि किंमत गेल्या वर्षीची सांगतात," ते म्हणाले. "त्यांना शाडू कुठून देऊ? आणि नाही दिले तर माझी माणसे काय खातील?"

श्रोतेहो, हा प्रश्न एका शाळेपुरता नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मूर्ती करण्यास व विकण्यास मोकळीक दिली. नैसर्गिक जलाशयांत त्या विनापरवानगी विसर्जित करण्यास मात्र दिली नाही. वादात कारागीर आणि समुद्र असे दोन पक्ष दिसतात. तिसरा पक्ष, म्हणजे उशिरा येऊन मोठी व स्वस्त मूर्ती मागणारा गिऱ्हाईक, कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या दिवशी तो गिऱ्हाईक मीच होतो.

आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून दोन फुटांची मूर्ती येते. तेवढी शाडूची मूर्ती आता वाळणार नाही, असे मालकांनी स्पष्ट सांगितले. वाळत आलेली एक नऊ इंचांची तेवढी होती. मी आईकडे पाहिले. वडिलांची प्रथा मोडण्याचा अधिकार तिचाच. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "प्रथा पूजेची रे, उंचीची नव्हे. हीच घेऊ." आमचा पाट आम्ही तेथेच ठेवला, आणि पुढील वर्षाच्या दोन फुटी मूर्तीसाठी चैत्रात येऊन आगाऊ रक्कम देण्याचे कबूल केले.

दुपारी वडखळ, पोयनाडवरून आम्ही अलिबाग तालुक्यातील सासवण्यास गेलो. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर १८९१ मध्ये याच गावी जन्मले. त्यांच्या घरी गणपतीच्या मूर्ती होत. देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजीमहाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांच्या साहाय्याने तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पोहोचला. पुण्यातील १९२८ चा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांच्याच हातचा. सासवण्याचे राहते घर आता त्यांचे शिल्पालय आहे. तेथील म्हैस इतकी सजीव आहे की आमच्या धाकट्याने तिला हात लावण्यापूर्वी माझी परवानगी मागितली.

परतताना कन्या म्हणाली, "बाबा, इथल्या मूर्ती कायम राहतात. पेणच्या आजोबांची मात्र दरवर्षी पाण्यात जाते. त्यांना वाईट वाटत नसेल?" या वेळी मजजवळ उत्तर होते. मी तिला म्हटले, विरघळते म्हणून तर पुढल्या वर्षी ती पुन्हा घडवावी लागते. आजोबांच्या हातची विद्या नातवाच्या हाती उतरते ती अशीच. आपण एवढेच करायचे, की त्यांना वेळेवर सांगायचे आणि मोल पुरते द्यायचे.

अनंतचतुर्दशीस आमची नऊ इंचांची मूर्ती अंगणातील पिंपात विसर्जित झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कन्येने पिंपात हात घालून तळ चाचपून पाहिला. हाती केवळ मऊ माती लागली. ती आता आमच्या तुळशीच्या कुंडीत आहे.