ओव्हन ट्रिप होतो तेव्हा
(मंडळाच्या श्रावण मेळाव्यात दिलेले भाषण)



ओव्हन बिघडला तर काय करावे यावर चार शब्द सांगा, असे मंडळाने कळवले. आमचा डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा, म्हणून हा मान आम्हाला. पण सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

मागल्या वर्षी हरतालिकेच्या आदल्या दिवशी सौं.नी नानकटाईसाठी ओव्हन काढला. उन्हाळ्यापासून तो खोक्यातच होता. बटण दाबताच घरभर अंधार. पुन्हा लावला, पुन्हा तेच. बोर्डातला आरसीसीबी पडत होता. घाई होती. आम्ही प्लग उघडून अर्थची हिरवी वायर सोडवून ठेवली. ओव्हन मुकाट्याने चालू झाला. शाबासकीही मिळाली!

अर्ध्या तासाने आईने एक हात नळावर असताना ओला हात ओव्हनच्या पत्र्याला लावला. किंकाळी आली आणि त्याच क्षणी लाइट गेली. डॉक्टरांनी ईसीजी काढून घरी सोडले, म्हणून निभावले.

झाले काय होते? ओव्हनच्या सळईत कॉइलभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती हवेतली ओल ओढते. पावसाळ्यात न वापरलेल्या ओव्हनमध्ये त्या ओलीतून करंट पत्र्यावर येतो. अर्थिंग असेल तर तो त्या वाटेने जमिनीत जातो आणि आरसीसीबी लगेच पडतो. आम्ही ती वाट बंद केली. मग करंटला वाट मिळाली ती आईच्या अंगातून. आरसीसीबी तेव्हाही पडला, पण झटका बसल्यावर.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

ओव्हन अजिबात चालत नसेल, तर आधी टायमर शून्यावर नाही ना ते पाहा. मग त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण लावून बघा. प्लग काळा पडला असेल किंवा गरम लागत असेल, तर जोड सैल आहे. 1500 वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर घेतो. त्याला 16 अँपिअरचेच सॉकेट हवे.

एमसीबी पडला, तर लोड जास्त किंवा शॉर्ट. आरसीसीबी पडला, तर करंट गळतो आहे. घरातला आरसीसीबी सहसा 30 मिलिअँपिअरचा असतो. त्याचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून तो पडतो का, ते बघावे. ओव्हन लावल्यावरच तो पडत असेल, तर प्लग काढून ठेवा आणि वायरमनला मेगरने सळई तपासायला सांगा. साध्या मीटरवर ही गळती बहुधा दिसत नाही.

मायक्रोवेव्ह मात्र घरी कधीच उघडू नका. प्लग काढला तरी त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो.

जुन्या घरांत पुष्कळदा अर्थिंगच नसते. ते करून घ्या. सणाच्या खर्चात ते आधी धरा.

आम्ही सळया बदलल्या, हिरवी वायर जोडली. पण आई अजूनही ओव्हनला हात लावण्याआधी आमच्याकडे बघते. आम्ही मान डोलावली, की मगच दार उघडते.

गणपती बाप्पा मोरया!