प्राचीन भाषांचें अध्ययन कशासाठीं ?



दहावी-बारावीचा निकाल लागला म्हणजे कांहीं घरांतून एक प्रश्न हटकून उपस्थित होतो. शाळेंत संस्कृताला गुण भरपूर मिळतात म्हणून तो विषय घेणारीं मुलें पुष्कळ असतात, परंतु विश्वविद्यालयांत जाऊन संस्कृत, पाली किंवा प्राकृत यांचेंच अध्ययन करावें अशी इच्छा एखाद्या मुलानें अथवा मुलीनें बोलून दाखविली, कीं वडीलमंडळी विचारतात, "हें शिकून मिळणार काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याला सरळ उत्तर दिलें पाहिजे. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलेलों नाहीं. तेव्हां या विद्येचा पंडित म्हणून नव्हे, तर तिच्या फळांचा उपभोग घेतलेला एक शाळामास्तर म्हणून मी आज चार शब्द बोलणार आहें.

नाशिकजवळचीं पांडवलेणीं आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. पांडवांनीं वनवासांत तीं कोरलीं, अशी लोकसमजूत आहे. वस्तुतः तीं बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठीं खोदलेलीं असून, तीं कोणीं व कशाकरितां दिलीं हें तेथील भिंतींवर ठळक अक्षरांत लिहिलेलें आहे. अक्षरें पुसलीं गेलीं नव्हतीं. वाचणारे मात्र नाहींसे झाले होते. ब्राह्मी लिपीचें ज्ञान शेंकडों वर्षें लुप्त होतें, आणि त्या लेखांखालून जाणारीं माणसें आपल्याच देशाच्या इतिहासाला परकीं झालीं होतीं. विद्या नष्ट होण्यास परचक्रच यावें लागतें असें नाहीं. एका पिढीनें शिकविलें नाहीं व दुसरीनें विचारलें नाहीं, एवढें पुरतें.

हें कुलूप उघडलें कसें, तेंही पाहण्यासारखें आहे. १८३६ सालीं बॉन येथील संस्कृत पंडित क्रिश्चन लासेन यानें अगाथोक्लीस या यवन राजाच्या नाण्यावरून कांहीं ब्राह्मी अक्षरें ओळखलीं. कारण त्या नाण्याच्या एका बाजूस राजाचें नांव ग्रीक अक्षरांत होतें. पुढच्याच वर्षीं कलकत्त्याच्या टांकसाळींतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप याच्या ध्यानांत आलें, कीं सांचीच्या स्तूपावरील अनेक लहान लेखांच्या शेवटीं तींच अक्षरें पुन्हां पुन्हां येतात. देवस्थानाच्या खांबांवर लोक आपल्या देणगीची नोंद करतात. तेव्हां हा शब्द "दानं" असावा, असा त्यानें तर्क केला. त्या धाग्यानें सारी लिपी उलगडली. तरीही अशोकाच्या लेखांतील "पियदसि" हा राजा कोण, हें कळेना. तो अशोकच होय, हें जॉर्ज टर्नर यानें सिंहलद्वीपांतील पाली ग्रंथांच्या आधारें दाखवून दिलें. म्हणजे ग्रीक, प्राकृत, संस्कृत व पाली या सर्वांचे जाणकार एकाच काळीं होते, म्हणून दगड बोलूं लागला.

आणि तो काय बोलला ? नाशिकच्या एका लेखांत नहपान राजाचा जांवई उषवदात याच्या देणगीचा तपशील आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीं त्यानें गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन संघांकडे ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेविले. त्यांपैकीं २००० वर दरमहा शेंकडा १ व उरलेल्या १००० वर दरमहा शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें. मुद्दल काढावयाचें नाहीं, केवळ व्याज खर्चावयाचें. पहिल्या ठेवींतून, पावसाळ्यांत लेण्यांत राहणाऱ्या २० भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं १२ कार्षापण द्यावे, असें लेख म्हणतो. आतां पाटी घ्या. २००० चें वर्षाचें व्याज २४०; आणि २० भिक्षूंना प्रत्येकीं १२ प्रमाणें २४० च लागतात ! हिशेब पैशाचाही चुकत नाहीं. राजाच्या जांवयानें आपला पैसा विश्वासानें कोष्ट्यांच्या हातीं द्यावा, एवढी त्या कारागिरांची पत होती, ही गोष्ट कोणत्याही दंतकथेनें आपणांस सांगितली नसती.

सहलीच्या वेळीं मुलें मला विचारीत, "गुरुजी, हें काय लिहिलें आहे ?" छापील अनुवादाच्या बळावर मी हा हिशेब त्यांना सांगत असें. तो अनुवाद मला पुरविणारे लोक कोण ? मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकीं एक असलेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं नाशिकच्या या लेखांवर परिश्रम केले, आणि १८८४ सालीं दक्षिणेचा प्राचीन इतिहास साधार लिहून प्रसिद्ध केला. संस्कृतांतील विद्वत्ता हेंच त्यांचें हत्यार होतें. पालीची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. गोव्यांतील सांखवाळ गांवीं जन्मलेले धर्मानंद कोसंबी विश्वविद्यालयाची कोणतीही पदवी नसतांना १९०२ सालीं सिंहलद्वीपास गेले, तेथें पाली शिकले, आणि पुढें १९१२ पासून सहा वर्षें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं ती शिकविली. एका माणसाचें वेड असें अनेकांची विद्या होतें.

या अध्ययनाचा दुसरा लाभ मनाला लागणाऱ्या वळणाचा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली. १,२५९ हस्तलिखितें तपासून तें काम १९६६ सालीं पुरें झालें. १९२५ पासून या कार्याची धुरा वाहणारे डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ सालीं निवर्तले. शेवट पाहण्यास ते उरले नाहींत. व्यासांनीं सांगावें व गणपतीनें लिहावें ही आपणां सर्वांची आवडती कथा. परंतु मूळ पाठांत तिला आधार नाहीं असें दिसतांच संपादकांनीं ती परिशिष्टांत ठेविली. त्यांची श्रद्धा कमी होती असें नव्हे. पुराव्यापुढें आवड गौण मानण्याची शिस्त त्यांना होती. "आमच्या पूर्वजांना सारें ठाऊक होतें" असें म्हणणारे आणि "त्यांना कांहींच ठाऊक नव्हतें" असें म्हणणारे, या दोघांनींही बहुधा मूळ ग्रंथ उघडलेला नसतो. तो उघडून, "हें कशावरून ?" असें विचारण्याची संवय ज्याला लागली, तो मनुष्य बाजारांत, कचेरींत किंवा सभेंत सहसा फसत नाहीं.

आतां पोटाचा प्रश्न. तो मी टाळीत नाहीं. या विद्येंत जागा थोड्या, वाट लांब, आणि द्रव्यलाभ बेताचा. म्हणून सर्वांनीं तिकडे वळावें असें मी म्हणत नाहीं. ज्याला केवळ गुणांचा मोह आहे त्यानें न वळणेंच बरें. परंतु ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठी, पाली व प्राकृत यांस अभिजात भाषांचा दर्जा दिला, तेव्हां आपण घरोघर आनंद मानला. ज्या पुराव्यावर मराठीचें प्राचीनत्व उभें आहे, त्याचा मोठा भाग प्राकृतांत आहे. तो पुरावा मुळांतून वाचणारीं माणसेंच न उरलीं, तर हा अभिमान पुन्हां ऐकीव गोष्टींवर जाऊन टेकेल.

यास्तव माझी विनंति एवढीच. आपल्या घरांतील एखाद्या मुलाला वा मुलीला या विषयाची खरी ओढ असेल, तर अडचणी मोकळेपणानें सांगा, जोडीला पोटापाण्याचें एखादें साधनही शिकावयास लावा. पण वाट अडवूं नका. हजारांत एक जरी या वाटेनें गेला, तरी उरलेल्या नऊशें नव्याण्णवांच्या मुलांना लेण्यांतल्या भिंतीवर काय लिहिलें आहे, तें कळत राहील.