खरखर नेमकी कुठून येते?

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बी विंगमधल्या वहिनींच्या जुन्या स्टीरिओचं काय झालं, हे मला लिफ्टमध्ये इतक्या जणांनी विचारलं की शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "एकदा कट्ट्यावर सगळ्यांनाच सांगून टाका." म्हणून उभा राहिलो आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण सोपा करून सांगतो.

वहिनींकडे १९७०च्या दशकातला एक जपानी रिसीव्हर आहे. रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत. पुढे ॲल्युमिनिअमची पट्टी, जड बटणं, उचलायला दोन माणसं लागतात. त्याला कॅसेट डेक जोडलेला आहे. आपल्या सोसायटीच्या पहिल्या काही गणेशोत्सवांत भाऊ नाट्यगीतं म्हणत असत, ती त्यांनी स्वतः रेकॉर्ड करून ठेवली होती. भाऊ गेल्यानंतर वहिनी अधूनमधून त्या कॅसेटी लावतात. गेलं वर्षभर मात्र डाव्या स्पीकरमधून मध्येच खरखर सुरू व्हायची. तापलेल्या तेलात पाण्याचे थेंब पडावेत तशी. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास, मग आपोआप बंद. एका दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटं ऐकून निकाल दिला की कॅसेटी खराब झाल्या, सेटही गेला, दोन्ही देऊन टाका. वहिनींनी कॅसेटींची पिशवी दाराशी आणून ठेवली होती.

यंत्रातला कायमचा बिघाड सोपा असतो. येऊन-जाऊन असणारा बिघाड त्रास देतो, कारण मेकॅनिक समोर बसला की तो गप्प बसतो. अशा वेळी अंदाजाने सुटे भाग बदलत सुटणं ही सगळ्यात महागडी पद्धत. बँकेत ताळा जमला नाही की आम्ही सगळ्या खात्यांच्या मागे एकदम लागत नसू. कोणत्या लेजरमध्ये फरक आहे ते आधी ठरवायचं आणि बाकीची मिटवून ठेवायची. इथेही तेच.

पहिला प्रश्न कॅसेटींचा. डेकलाच हेडफोन लावून ऐकलं. भाऊंचा आवाज स्वच्छ! पाठोपाठ सेटवर कॅसेट बंद, डेकच्या वायरी काढलेल्या, तरी खरखर चालूच. म्हणजे कॅसेटी निर्दोष. वहिनींनी पिशवी उचलून परत कपाटात ठेवली. खरं तर माझं काम तिथेच झालं होतं, पण मला राहवेना.

मग सेट बंद करून स्पीकरच्या वायरी डावी-उजवी बदलल्या. खरखर उजव्या स्पीकरमध्ये गेली. ती डाव्यातच राहिली असती, तर स्पीकर किंवा त्याची वायर दोषी ठरली असती. आता दोष सेटच्या डाव्या चॅनेलमध्ये, हे नक्की झालं. त्यानंतर आवाजाचं बटण शून्यावर आणलं. ही फार उपयोगी परीक्षा आहे आणि तिला पैसा लागत नाही. खरखर आवाजाबरोबर कमी झाली, तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात. शून्यावरही तशीच राहिली, तर व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात. आमची तशीच राहिली.

इथे एक सांगतो. बटण फिरवतानाच करकर होत असेल, तर बहुतेक वेळा तो निव्वळ मळ असतो. आवाज लहान असताना एक बाजू बंद पडते आणि मोठा केला की परत येते, असं असेल तर स्विचच्या किंवा स्पीकरच्या रिलेच्या टोकांवर संशय घ्या. ही टोकं बहुधा चांदीची असतात, आणि दमट हवेत चांदीची भांडी काळी पडतात तशीच तीही काळी पडतात. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण पंचवीस-तीस वेळा फिरवलं की अनेक सेट सुधारतात. शिवणाच्या मशीनचं तेल घालू नका, त्यावर धूळ बसते. वहिनींचा सेटही आधी साफ केला. आवाज जरा खुलला, खरखर राहिली.

या सेटच्या मागे प्री-आउट आणि मेन-इन अशी भोकं आहेत, त्यांत यू आकाराच्या तारा बसवलेल्या असतात. त्या काढल्या की ॲम्प्लिफायरचे पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे होतात. सेट बंद करून तारा काढल्या, चालू केला आणि चहा घेत वीस मिनिटं वाट पाहिली. शांतता. म्हणजे पॉवर ॲम्प्लिफायर निर्दोष, आणि उरला मधला टोन कंट्रोलचा बोर्ड. पूर्ण सेटमधून आपण तळहाताएवढ्या तुकड्यावर आलो!

तारा परत लावल्या. बोर्डावर लाकडी काडीने हलकेच टकटक केलं. त्याने खरखर बदलली असती तर ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला डाग, शोधावा लागला असता. फरक पडला नाही. मग गार करणारा स्प्रे एकेका ट्रान्झिस्टरवर थोडा थोडा मारला. एका छोट्या ट्रान्झिस्टरवर थेंब पडताच खरखर गप्प, आणि तो गरम झाला की पुन्हा सुरू. चोर सापडला.

तो बदलला, आणि उजव्या चॅनेलमधला त्याचा जोडीदारही बदलला, कारण दोघांचं वय एकच. सुट्या भागांचा खर्च लॅमिंग्टन रोडला जायच्या भाड्यापेक्षा कमी आला. फक्त पायांचा क्रम बघावा लागतो. जुन्या जपानी ट्रान्झिस्टरचा बहुधा एमिटर-कलेक्टर-बेस असतो, आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या बीसी-५४७ चा कलेक्टर-बेस-एमिटर. नुसता तसाच दिसतो म्हणून बसवला तर चालत नाही.

आता इशारा, विशेषतः आमच्यासारख्या उत्साही पेन्शनरांना. वरच्या बाहेरच्या परीक्षा कोणीही कराव्यात. झाकण मात्र जाणकारानेच उघडावं. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते, आणि चालू सेटमध्ये २३० व्होल्ट उघडे असतात. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला सेट उतरवून थेट प्लगमध्ये लावू नका. आधी मागचा व्होल्टेजचा स्विच पाहा. परदेशातून आणलेले काही सेट ११० वर ठेवलेले असतात. पहिल्यांदा चालू करताना जाणकार लोक १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब सीरिजमध्ये जोडतात. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करायचं.

भाऊंच्या १७ कॅसेटी आता डेकमधून थेट कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या आहेत. काहींत आपल्यातल्या बऱ्याच जणांचे आवाज आहेत, पेटी कोण वाजवतंय तेही ओळखू येतं. दोन वर्षांचे कार्यक्रम मात्र त्यांत नाहीत. ते कोणाकडे असतील तर कृपया माळे तपासा. टेप सैल असेल तर पेन्सिलीने घट्ट करून घ्या, पण टेपवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर चालवून बघू नका, तशीच आणा. रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असतो.