अडतं ते पैशापाशी



बहामा म्हटलं की आपल्याला सहलीच्या जाहिरातीतला निळाशार समुद्र आठवतो. सुमारे सातशे लहानमोठी बेटं, वस्ती चार लाखांच्या आसपास आणि कमाई मुख्यतः पर्यटकांवर. याच देशाच्या भूगोल-अभ्यासक डॉ. अडेल थॉमस यांच्या कामाविषयी आज बोलायचं आहे. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन त्या मायदेशी, बहामा विद्यापीठात संशोधन करू लागल्या. समुद्र किती चढेल हे सांगणारे पुष्कळ आहेत. त्याला तोंड देताना माणसं नेमकी कुठे अडतात, हा थॉमसबाईंचा विषय.

१ सप्टेंबर २०१९ रोजी ‘डोरियन’ चक्रीवादळ अबाको बेटांवर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी २९५ किलोमीटर. पुढे ग्रँड बहामावर ते दिवसभराहून अधिक काळ ठाण मांडून बसलं. नुकसान ३४० कोटी डॉलरचं, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाएवढं! आपल्याकडे २०२०च्या ‘निसर्ग’ वादळानंतर रायगडात विजेचे खांब उभे करायला बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं आली. बहामाच्या पाठीशी असे जिल्हे कुठून असणार? कॅरिबियन देशांनी २००७ साली सामायिक विम्याची सोय केली आहे. त्यातून मिळाले जेमतेम सव्वा कोटी डॉलर.

मग उरतं कर्ज. आणि खरी मेख इथेच आहे. बहामाचं दरडोई उत्पन्न चांगलं, म्हणून तो श्रीमंत देशांत गणला जातो आणि सवलतीच्या मदतीला मुकतो. अबाकोवर ‘द मड’ नावाची हैतीहून आलेल्या मजुरांची वस्ती होती. वादळात ती भुईसपाट झाली. त्या मजुरांना देशाच्या सरासरीचा काय उपयोग? मला तरी ही मोजपट्टी अन्यायाचीच वाटते.

थॉमसबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली हजाराहून अधिक शोधनिबंध चाळून पाहिलं, की लोकांचं जुळवून घेणं कशामुळे थांबतं. पैशाची चणचण त्यात ठळकपणे पुढे आली. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०२२च्या अहवालातही अशा मर्यादांचे दोन प्रकार केले आहेत. प्रवाळ तापलेल्या पाण्यात मरतं, तिथे कुणाचंच काही चालत नाही. पण पुष्कळ ठिकाणी पैसा आणि व्यवस्था असती तर माणसं टिकली असती. या अहवालाच्या लेखकांत थॉमसबाईही होत्या. २०२३ साली त्या मंडळाच्या दुसऱ्या कार्यगटाच्या उपाध्यक्ष म्हणून निवडून आल्या.

बेटांचं मागणं काही नवं नाही. समुद्र चढून होणाऱ्या हानीची भरपाई मिळावी, असा प्रस्ताव बेटांच्या गटाच्या वतीने वानुआतूने १९९१ साली मांडला होता. हानिभरपाईचा निधी ठरला २०२२ साली, शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत. पुढच्या वर्षी दुबईत साऱ्या जगाने मिळून त्यात कबूल केले सुमारे ७० कोटी डॉलर. एकट्या ‘डोरियन’च्या नुकसानीचा हा पाचवा हिस्सा, आणि त्यावर हक्क सांगणारे देश शंभराहून अधिक.