एका सामन्याचे वर्ष



कबड्डी म्हटले की रायगडच्या किनाऱ्यावर कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत भाताची कापणी झाली, खळी आटोपली, की गावागावांतून मैदाने आखली जातात. माती चाळायची, पाणी मारायचे, चुन्याच्या रेषा ओढायच्या. मग रात्री दिव्यांच्या उजेडात सामने सुरू होतात ते पार मे महिन्यापर्यंत. आगरी आणि कोळी वस्त्यांतून तर घराघरात एखादा तरी चढाईपटू निघतो. पण आज मला या गावच्या सामन्यांविषयी नव्हे, अकरावी-बारावीच्या मुलामुलींच्या सामन्यांविषयी बोलायचे आहे.

थोडा इतिहास पाहू. आपण ज्याला हुतूतू म्हणत होतो, त्याला नियमांची चौकट मिळाली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात, सातारा, पुणे, बडोदे इथल्या मंडळींच्या खटपटीतून. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. 1950 मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धांत 1961 साली आणि शालेय स्पर्धांत 1962 साली कबड्डीला जागा मिळाली. योगायोग असा, की अलिबागचे जे. एस. एम. महाविद्यालयही 1961 सालचेच. जिल्हा तेव्हा कुलाबा होता, रायगड हे नाव 1981 साली आले. म्हणजे इथे महाविद्यालयीन शिक्षण आणि महाविद्यालयीन कबड्डी एकाच सुमारास आली. 1975 नंतर दहा अधिक दोनची पद्धत सुरू झाली, कनिष्ठ महाविद्यालये निघाली, आणि ही मुले शालेय स्पर्धांच्या 19 वर्षांखालील गटात जाऊन बसली.

इथेच खरी गोम आहे. या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जातात आणि खालच्या पायऱ्यांवर त्या बाद पद्धतीने होतात. हरलात की घरी. शिवाय तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या फेऱ्या साधारण पावसाळ्यात उरकल्या जातात, कारण वरच्या पातळीच्या तारखा ठरलेल्या असतात. नागपूरला किंवा सोलापूरला ते चालत असेल. कोकणात ऑगस्टमध्ये मातीचे मैदान म्हणजे चिखल! ज्या हंगामात आपली मुले कबड्डी खेळतात, त्या हंगामात त्यांची अधिकृत स्पर्धा संपून गेलेली असते.

आता दिवेआगरच्या बाजूच्या एखाद्या संघाचा विचार करा. जिल्ह्याच्या सामन्यासाठी अलिबागला यायचे तर राजपुरीची खाडी आडवी. दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा गाठायचा आणि मग मुरूड, रेवदंडा करीत वर यायचे, नाहीतर खाडीला लांबचा वळसा. पहाटे निघालेली मुले दुपारी मैदानात उतरतात, वीस-वीस मिनिटांचे दोन डावही पुरते होत नाहीत तोवर दोन लोण बसतात, आणि वर्ष संपते. एका सामन्याचे वर्ष. डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा मुलगा कितीही चांगला असो, त्याला पाहणार कोण?

यात नुसती हौस नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, बँका, कारखाने यांच्या संघांनी कबड्डीपटूंना आजवर पगाराची नोकरी दिली आहे. ज्या घरात बापाची होडी जून-जुलैत बंदीमुळे किनाऱ्याला लागलेली असते, तिथे या कागदाची किंमत काय, ते वेगळे सांगायला नको. आणि तो कागद गावच्या सामन्यातल्या ढालीने मिळत नाही, अधिकृत स्पर्धेतल्या प्रमाणपत्राने मिळतो.

अमेरिकेत वेगळी रीत आहे. तिथली कनिष्ठ महाविद्यालये शाळेनंतरची, दोन वर्षांची, आपल्यासारखी नव्हेत. खेळ त्यांचा बेसबॉल. या महाविद्यालयांची राष्ट्रीय संघटना 1938 साली स्थापन झाली. पण मला महत्त्वाची वाटते ती त्यांची खालची घडी. बसने जाऊन येता येईल एवढ्या अंतरावरची महाविद्यालये आपसात एक गट करतात आणि हंगामभर एकमेकांच्या मैदानावर जाऊन साखळी सामने खेळतात. एक हरले तरी पुढचा असतोच. त्यातून वर आलेले संघ अखेरच्या स्पर्धेला जातात. 1959 पासून ती कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शन या शहरात भरते. तिथे पैसा आहे, हे खरे. पण साखळी आखायला पैसा कितीसा लागतो?

आपल्याकडे अलिबाग, रेवदंडा, मुरूड या पट्ट्याचा एक गट, श्रीवर्धन-म्हसळ्याचा दुसरा, उरण-पेणचा तिसरा असे सहज होईल. एका गटात सहा संघ धरले आणि प्रत्येकाशी दोनदा गाठ घातली, तर एका संघाला दहा सामने मिळतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शनिवार-रविवारी ते बसतात, बारावीच्या परीक्षेच्या आड येत नाहीत. मुलींना तर याचा फायदा अधिकच. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा 1955 पासूनची, पण गावचे सामने मध्यरात्रीपर्यंत चालतात आणि अनेक घरे मुलींना तिथे पाठवत नाहीत. महाविद्यालयाच्या आवारात दिवसाढवळ्या सामना असेल तर तो प्रश्नच राहत नाही.

एक अडचण मात्र मोठी आहे, मॅटची. राज्यात आणि देशात आता सामने मॅटवर होतात. मातीवर घसरून पाय पकडणारा मुलगा मॅटवर बूट घालून उभा राहिला की पहिले दोन-चार सामने चाचपडतो. प्रत्येक महाविद्यालयाला मॅट घेणे परवडणार नाही. पण एका गटात एक मॅट, टेम्पोत घालून या गावाहून त्या गावाला नेता येतो. गावच्या सामन्यांचे दिवे आणि मंडप तरी वेगळे कसे फिरतात? जिल्हा कबड्डी असोसिएशनकडे पंच आहेत, महाविद्यालयांकडे मैदाने आहेत, आणि प्रेक्षकांना तर बोलवावेही लागणार नाही. भात कापून झाले की ते रिकामेच असतात.