हप्त्याची गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृतीवर बोलते, कोणी मुलांच्या संगोपनावर. यंदा पाळी माझ्यावर आली तेव्हा मी म्हटले, मी मोटारीवर बोलणार. काही जणी हसल्या. सातवी झालेल्या बाईने मोटारीवर काय बोलावे! पण आपल्या हेंद्रेपाड्यात संध्याकाळी गल्लीतून चालायला वाट मिळत नाही इतक्या गाड्या उभ्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याच हप्त्यावरच्या. हप्ता जातो तो घरखर्चातूनच. मग त्या गाडीचे कागद आपण का पाहू नयेत?

आमच्या धाकट्या भावजींची गाडी 60 हप्त्यांची. 27 हप्ते फेडले आणि नोकरी गेली. ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, “गाडी मला द्या, पुढचे हप्ते मी भरतो. मुद्रांकावर लिहून घेऊ म्हणजे झाले.” जाऊबाईंना हायसे वाटले. मी म्हटले, आधी आर. सी. बाहेर काढा. (आता ते कार्ड असते, आपण मात्र पुस्तकच म्हणतो.) त्यावर मालक म्हणून भावजींचे नाव होते आणि कर्ज देणाऱ्या बँकेचेही होते. ते दुसरे नाव फार महत्त्वाचे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 51 वे कलम सांगते की, ती नोंद असेपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. नोंद कर्जाची असो, भाडेखरेदीची असो की भाडेपट्ट्याची, म्हणजे लीजची, नियम एकच. तेव्हा मुद्रांकाचा कागद त्या दोघांपुरता. गृहस्थांनी हप्ता चुकवला तर नोटीस भावजींना, आणि चौकातल्या कॅमेऱ्याने दंड केला तर तोही भावजींच्याच नावावर.

माझी मावसबहीण अमेरिकेत असते. ती म्हणाली, तिकडे भाडेपट्ट्याची गाडी मुदतीच्या आत दुसऱ्याकडे सोपवता येते, पण कंपनीची परवानगी लागते, आणि काही कंपन्या तर पहिल्या माणसालाही जबाबदारीतून सोडत नाहीत. म्हणजे तिकडेही घरच्या घरी ठरवून भागत नाही.

दंडाचे सोडा, अपघाताचे ऐका. एका गाडीची एकामागून एक विक्री होत ती चौथ्या माणसाकडे गेली, पण सरकारदरबारी नाव पहिल्याचेच राहिले. 2009 साली त्या गाडीखाली एक मुलगा गेला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि 2018 साली निकाल लागला की, नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकून मोकळे झालो असे तो समजत होता! हे मी जाऊबाईंना सांगितले तेव्हा त्या गप्प बसल्या.

मग आम्ही बँकेत गेलो. काही बँका नव्या माणसाची मिळकत पाहून कर्जच त्याच्या नावावर करून देतात. आमच्या बँकेने नाही म्हटले. तेव्हा त्या गृहस्थांनी आपल्या पतपेढीतून पैसे उचलले आणि भावजींच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरले. हे मी मुद्दाम सांगते, कारण हातात आलेला पैसा घरात कुठे जिरतो हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. कर्ज मिटल्यावर बँकेने ना-हरकत पत्र आणि सही केलेला 35 नंबरचा फॉर्म दिला. तो कल्याणच्या आर. टी. ओ. कडे गेला तेव्हा बँकेची नोंद उतरली. पुढे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा. आम्ही घेणाऱ्यावर भरवसा टाकून घरी बसलो नाही, नव्या नावाचे आर. सी. डोळ्यांनी पाहिले.

विम्याचेही तसेच. गाडीबरोबर विमा आपोआप जातो असे लोक म्हणतात. ते अर्धेच खरे. दुसऱ्याला झालेल्या इजेपुरता जातो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग घेणाऱ्याने 14 दिवसांत कंपनीला कळवून आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. 26 जुलै 2005 आणि पुन्हा जुलै 2019 ला उल्हास नदीचे पाणी कुठवर आले ते बदलापूरकरांना सांगायला नको. इंजिनात पाणी शिरले आणि विमा जुन्या मालकाच्या नावावर असला, तर मागायचे कोणाकडे?

एक शेवटचे, बोलायला जड आहे तरी बोलते. गाडी यजमानांच्या नावावर असते आणि उद्या ते राहिले नाहीत, तर 30 दिवसांत आर. टी. ओ. ला कळवून तीन महिन्यांत 31 नंबरचा फॉर्म भरायचा असतो. त्या दिवसांत कोणाला सुचत नाही, आणि अशा वेळी “गाडी मी चालवतो, वहिनी” म्हणणारे पुष्कळ भेटतात. कर्ज बाकी असेल तर त्यावर विमा होता का, हे बँकेला तेव्हाच विचारावे.

या सगळ्या फॉर्मांचे कोरे नमुने मी आणले आहेत. चहाच्या वेळी ज्यांना हवेत त्यांनी मागून घ्यावेत, आणि घरी गेल्यावर आर. सी. वर कोणाकोणाची नावे आहेत ते एकदा बघावे.