तैलरंगातला चेहरा

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचं असेल, तर रंगाच्या नळ्या आधी बाजूला ठेवा. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेतून आपल्याकडे जी युरोपीय पद्धत रुजली, तिचा पाया रेखाटनाचाच. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश ओळखायचा, मग माणूस समोर बसवायचा.

कॅनव्हासवर पहिला थर एकाच मातकट रंगाचा, टर्पेंटाइनने पातळ केलेला. डोळे किलकिले करून पाहा: बारकावे विरतात, उजेड-सावलीचे मोठे आकार उरतात. तेवढेच मांडा. पापण्यांची घाई नको. नवशिक्यांची चित्रं बहुधा तिथेच बिघडतात.

पुढच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही, तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. म्हणून तेलकट थर सावकाश वाळतो. त्याच्यावर कमी तेलाचा, लवकर वाळणारा थर दिला, तर पुढे तडे जातात.

शेवटी पारदर्शक रंगाचे हलके लेप. खालचा उजेड त्यांतून परत येतो आणि त्वचा जिवंत वाटते. छापील प्रतीत हे उतरत नाही. बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात राजा रविवर्मांची मूळ तैलचित्रं आहेत. शिकणाऱ्याने ती जवळून पाहावीतच.